सहावा खंड

“मग सर, तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारायचात?”

निरंजनने हे तिसऱ्यांदा विचारलं. आढाव सर ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

चाळीस वर्षं सरांनी पायी हिंडून एकच इतिहास लिहिला. कोणत्या जातीने कुठल्या विहिरीवर जायचं, पंगतीत कुणी कुठं बसायचं, देवळाच्या कोणत्या पायरीला थांबायचं. पाच जाड खंड झाले. मग गुडघ्यांनी साथ सोडली.

राहिला सहावा. नदीपलीकडच्या वाडीत विहिरीवरून झालेला बहिष्कार. तो सोसलेली एकटी तान्हूबाई उरली होती, नव्वदीची. ते काम सरांनी निरंजनकडे दिलं.

निरंजनने सरांवरच प्रबंध लिहिला होता. सरांचे प्रश्न त्याला तोंडपाठ होते.

“तीन खेपा झाल्या, सर. तुमचीच यादी, तुमच्याच क्रमाने. म्हातारी म्हणते, ‘लई जुनं हाय लेकरा, इसरले मी.’”

“विसरली असेल.”

“माहेरच्या बैलांची नावं सांगते ती.”

“मग नाही विसरली.” सर हसले.

“तुम्ही एखादा प्रश्न छापलाच नसणार. तो सांगा. ती गेली की सगळं गेलं.”

सर भिंतीला धरून उठले, आत गेले. बऱ्याच वेळाने माठातून तांब्या भरून घेऊन आले.

“उन्हातून आलास. पाणी घे.”

“असू द्या सर, आहे माझ्याकडे.”

निरंजनने पिशवीतून बाटली काढली. दोन घोट घेतले, झाकण लावलं.

सर तांब्या धरून तसेच उभे राहिले.

“तिच्याकडे गेलास तेव्हाही ऊन होतं?”

“भर दुपार होती.”

“तिने पाणी विचारलं?”

“विचारलं ना, तिन्ही वेळा. उठायला लागली होती. म्हटलं, एवढ्या म्हातारीला कशाला त्रास… आहे माझ्याकडे.”

निरंजन थांबला. त्याने हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

…

“मी तसं मनात आणून नव्हतो बोललो, सर.”

“ठाऊक आहे मला.”

“पण तिला…”

सरांनी तांब्या पुढे केला. निरंजनने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तळापर्यंत रिकामा केला. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. बाटली ओट्यावरच राहिली, शेंगांच्या टरफलांजवळ.

“उद्या सकाळी जातो,” तो म्हणाला. “तिला काय विचारू?”

सर पुन्हा शेंगा सोलायला बसले.

“तिच्या माठातलं पाणी गोड लागतं की मचूळ, तेवढं मला येऊन सांग.”