पहिल्या नंबरचा स्क्रू

सातपूरच्या एका कारखान्यात मोडकी हाडं जोडायचे टायटॅनियमचे स्क्रू बनत. तिथल्या खरेदीप्रमुख वझरकर साहेबांचा मालापेक्षा स्वतःच्या आवाजावर भरवसा फार.

"पाचव्या ग्रेडचा माल कशाला? पाचवा नंबर म्हणजे ढ! मी पहिल्या ग्रेडचा मागवलाय. करा सही, टेमघरे!"

तपासणीवरची शाल्मली टेमघरे फोन वाजला तरी दचकायची. पण टायटॅनियमचा पहिला ग्रेड सगळ्यांत मऊ. सही केली, तर या मालाचा स्क्रू कुणाच्या तरी मांडीत तुटणार होता.

"सर," ती चाचरत म्हणाली, "तुमच्याच हातानं पास करा ना. दोन्ही ग्रेडचे नमुन्याचे स्क्रू, एकाच जोरानं पिळून."

साहेबांनी ऐटीत बाह्या सरसावल्या. शिकंज्यात धरलेला पाचव्या ग्रेडचा स्क्रू त्यांनी पान्यानं पिळला. तो ढिम्म. मग पहिल्याची पाळी आली. निम्मा जोर लागतो न लागतो तोच तो पिळवटला आणि त्याचं डोकं साहेबांच्या बुटापाशी पडलं.

"हे काय, टेमघरे?"

शाल्मलीनं ते उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "पहिलाच आला की सर. मोडण्यात."

सही झाली, पण माल परत पाठवायच्या कागदावर. आणि तीही साहेबांची.