समोरचा ओटा

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या अंगणातून पाण्याची मोटार भरदुपारी चोरीला गेली. घरची मंडळी लग्नाला गेली होती. परतून पाहतात तो विहिरीपाशी नुसत्या कापलेल्या वायरी लोंबत होत्या. व्यापाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ते रास्तच होते. कष्टाच्या वस्तूवर कोणी डल्ला मारला तर शांत राहणारा माणूस एकतर संत असतो, नाहीतर वस्तू त्याची नसते.

त्याने घराबाहेर कॅमेरे बसवायचे ठरवले. दुकानदाराने एक कॅमेरा नमुन्यादाखल लावून दिला आणि बाकीचे निवडण्यासाठी रंगीत पुस्तिका हाती ठेवली. कोणता अंधारात पाहणारा, कोणता मान वळवणारा, कोणता समोरच्याला दरडावणारा. कारागिराने विचारले, “तोंड कुठं करू?” व्यापाऱ्याने क्षणाचाही विचार न करता बोट दाखवले ते बोळापलीकडे, द्वारकामावशींच्या ओट्याकडे.

द्वारकामावशी म्हणजे समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धा. व्यापाऱ्याच्या घराची एक किल्ली कित्येक वर्षे त्यांच्या देवळीत असे. गॅसची टाकी त्याच उतरवून घेत, शाळेतून आलेल्या पोरांना दार त्याच उघडून देत. मोटार गेली त्या दिवशी मात्र त्या लेकीकडे गेल्या होत्या. तेवढे धरून व्यापारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला होता, “नेमक्या त्याच दिवशी बऱ्या गावाला गेल्या.”

बोळ तो केवढा. शब्द पलीकडे पोहोचायला वेळ लागला नाही. कॅमेरा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी आल्या आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवून म्हणाल्या, “शेठ, ही तुमची किल्ली. आता राखणीला मी कशाला?” लहानपणापासून ‘अरे पोरा’ म्हणणाऱ्या बाईने त्याला शेठ म्हटले आणि ती मागे वळून न पाहता गेली.

व्यापारी तावातावाने आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. घरात मोठी वस्तू घेताना त्यांना विचारल्यावाचून तो घेत नसे. “मोटार माझी गेली आणि फुगून बसल्या त्या! चोर सोडून संन्याशाला फाशी, असं वर मलाच ऐकवतात लोक. ते जाऊ द्या गुरुजी. तुम्ही कॅमेरा तेवढा निवडून द्या.”

गुरुजी आले. पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. लावलेला कॅमेरा एकवार पाहिला, काठी टेकत बोळ ओलांडला आणि मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले. ऐन वैशाखातही मावशींचे दार लोटलेले होते. गुरुजींनी पाणी मागितले तेव्हा दार किलकिले झाले, नुसता हात बाहेर आला आणि तांब्या ठेवून आत गेला.

व्यापारी आपल्या दारात उभा राहून धुमसत होता. बोलावले कशाला आणि हे बसलेत कुठे! अखेर त्याच्याने राहवले नाही.

“गुरुजी, कॅमेरा इकडं आहे.”

“ठाऊक आहे. तू इकडे ये. उकडतंय फार. सदरा काढून बस, घरी बसतोस तसा.”

व्यापारी कुरकुरत आला, बसला. त्याने पहिल्या गुंडीला हात घातला आणि त्याची नजर सहज वर गेली. कॅमेऱ्याचा काळा डोळा थेट त्याच्यावर रोखलेला होता. हात गुंडीवरच थांबला.

“काय झालं?” गुरुजींनी विचारले.

“नको. दुकानातली पोरंसुद्धा मोबाइलवर बघतात हे.”

गुरुजींचा आवाज इतक्या वर्षांत त्याने कधी चढलेला ऐकला नव्हता. तो आता चढला. “घटकाभरात तुझ्याच्याने एक गुंडी सुटेना! ही बाई जन्मभर इथे बसून भाजी निवडते, केस विंचरते, उकडलं तर पदराने वारा घेते. ते तुझ्या दुकानातल्या पोरांनी पाहायचं? चोराला निदान लाज होती, तो पाठ फिरल्यावर आला. त्याने मोटार नेली. तू या बाईचा ओटा नेलास, तोही तिच्या डोळ्यांदेखत.”

व्यापारी मान खाली घालून बसला. गुरुजी हलक्या स्वरात म्हणाले, “आणि तू म्हणतोस ते खरं आहे. चोर नेमका मावशी गावाला गेल्या त्याच दिवशी आला. मग इतकी वर्षं तो का आला नाही, हे विचारलंस का स्वतःला?”

व्यापाऱ्याने मान वर केली. मावशींच्या ओट्यावरून त्याचेच फाटक सरळ समोर दिसत होते.

दुसऱ्याच दिवशी त्याने कारागिराला बोलावून कॅमेरा आतल्या बाजूला वळवून घेतला. मान वळवणारा, दरडावणारा, सगळ्यांची ती पुस्तिका परत पाठवली. मग किल्ली आणि मोबाइल घेऊन तो मावशींच्या दारी उभा राहिला.

“मावशी, चुकलो मी. तुमच्याविषयी बोललो तेही, आणि हेही. आता ह्यात काय दिसतं ते आधी तुम्ही बघा.”

मावशींनी चष्मा आणला आणि बराच वेळ पाहिले. विहीर, फाटक, पेरूचे झाड. बोळाचे टोकही नाही.

“पेरूची फांदी वायरीवर आलीय,” त्या म्हणाल्या. “छाटून घे, पोरा.” आणि त्यांनी त्याच्या हातातली किल्ली घेऊन देवळीत ठेवली.

घराला कॅमेरा जरूर लावावा. मात्र त्याचे तोंड कुठे असावे, हे समोरच्याच्या ओट्यावर बसून ठरवावे.