न पडलेला गडी

“आणि जिंकल्यावर काय होतं?” बाबालाल वस्तादांनी मोबाईलवरच्या खेळाकडे बघत विचारलं.

“जिंकता येतच न्हाई, वस्ताद. त्यातलं पोरगं पळतं, पळतच राहतं. शेवट न्हाई त्या खेळाला. कधी ना कधी धडकून पडतं, तेवढंच.”

हिंदुराव चौगुले एके काळचा नावाजलेला मल्ल. मैदानात त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. हे तो स्वतःच सांगत फिरायचा, दुसऱ्याला सांगायची संधी त्याने कधी दिली नाही. आज मात्र तो तालमीच्या पायरीवर मुलाचा मोबाईल घेऊन बसला होता.

मुलगा, प्रज्योत, दिवाळीच्या आधी गेला. रक्ताचा आजार होता. दवाखान्यात पडल्या पडल्या तो हाच खेळ खेळायचा, आणि जिंकता येत नाही तो कसला खेळ, म्हणून हिंदुराव त्याच्यावर करवादायचा. शेवटच्या दुपारी नर्स इंजेक्शन द्यायला आली, तेव्हा पोराने खेळ मध्येच थांबवला आणि मोबाईल बापाच्या हातात दिला. तो परत मागायला पोरगं काही उठलं नाही.

तेव्हापासून पडद्यावरचा तो छोटा गडी एक पाय उचलून तसाच उभा होता. हिंदुराव मोबाईल बंद पडू देत नव्हता, चार्जर खिशात घालून हिंडायचा. बायकोने एकदा नुसता बघायला मागितला, तर तिच्या अंगावर धावून गेला. ती बिचारी माहेरी निघून गेली. हे सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

“मग चालू कर की,” वस्ताद म्हणाले.

“चालू केला की पडणार. अजून तो पडलेला न्हाई, वस्ताद. आमच्या घरात कुणीच पडलेलं न्हाई.”

वस्तादांनी हिंदुरावचा मोकळा हात ओढून मनगट धरलं.

हात म्हातारा होता, पकड जुनीच होती. हिंदुरावला वाटलं, धीर देतायत. त्याचे डोळेही भरून आले. पण वस्ताद सोडायलाच तयार नाहीत. हळूहळू त्याची बोटं बधिर व्हायला लागली.

“सोडा, वस्ताद.”

“का? मी कुठं पाडतोय तुला?”

“…हात मरतोय माझा.”

“मनगट सोडवायचा डाव मीच शिकवलाय तुला.”

“त्याला दुसरा हात लागतो.”

दुसऱ्या हातात मोबाईल होता.

…

वस्तादांनी आपणहून पकड सोडली. मनगटावर बोटांचे वळ उठले होते. हिंदुराव ते वळ बघत राहिला. मग त्याने पडद्याकडे बघितलं, उचललेल्या त्या पायाकडे, आणि अंगठा टेकवला.

गडी पळायला लागला.

समोर एक भिंत आली. हिंदुरावचं जाडजूड बोट कसंबसं फिरलं आणि गड्याने उडी मारली. पुढे दुसरी भिंत आली. तिथे बोट फिरायला उशीर झाला.

पडला.

हिंदुराव ओक्साबोक्शी रडला. पोराला पोचवून आल्यावरही तो असा रडला नव्हता. वस्तादांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, उगी म्हटलं नाही. रडू दिलं त्याला.

पडद्यावर आकडे आले होते.

“किती पळाला?” वस्तादांनी विचारलं.

हिंदुरावने डोळे पुसले, पुन्हा पुन्हा बघितलं.

“त्यातलं त्याचं किती आणि माझं किती… तेच कळंना, वस्ताद.”

“दोघांचं मिळून वाच.”