शंखाचा धोंडा

शेवरकोंडच्या नदीकाठी एक काळा धोंडा आहे. त्यावर उभं राहिलं की समोर डोंगर दिसतो, माथ्यापासून पायथ्यापर्यंत सोललेला. पाहुण्यांना इथे आणून गावचा म्हातारा गुरव सांगतो, की वाडी पूर्वी त्या डोंगराच्या कुशीत होती.

असे सांगतात, की एका श्रावणात डोंगराला भेग पडली. आधी तळहात मावेल एवढी. मग तीत बकरं गेलं. झऱ्याचं पाणी तांबडं झालं, दारं चौकटीत अडकू लागली. पण वाडी उठवायची तर देवाचा कौल हवा. पाषाणावर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्या ओल्या हवेत एकही पडेना.

तेव्हाच्या गुरवाची बायको तर घराच्या खांबाला मिठी मारून बसली म्हणे. "मला इथंच जाळा!"

तिची सून आवडी, अंगाची हळद न उतरलेली. तिने एकदाच विचारलं, "मामंजी, माणसं आधी गेली तर देव रागावेल का?"

"काल आलेली तू," सासू कडाडली. "तुला काय ठाऊक घर म्हणजे काय ते?"

मग गोठ्याची भिंत पडली आणि खांबाची मिठी आपोआप सुटली. ठरलं, की माणसांनी नदी ओलांडावी. पण कौल पडेपर्यंत देवापुढचा दिवा विझता कामा नये. दिवा गुरवाच्या घरचा मान. राहायचं कोणी?

"आवडी राहील," सासू म्हणाली. "आमचा जीव गुंतलाय इथं, आम्हाला नाही बघवायचं. तिचं काय आहे, दोन लुगडी!"

आवडीने नवऱ्याकडे पाहिलं. तो बैलाचं दावं सोडत होता. गाठ फार अवघड असावी. सासऱ्याने तिच्या हाती शंख दिला. "उजवी पडली की फुंक. देवाला न्यायला येऊ. तुलाही."

ती पाकळीकडे बघत बसली. एकदा बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. कौलाला हात लावणं पाप, हे तिला पक्कं शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी पाषाण हलला नि उजवी पडली. तिने जीव खाऊन शंख फुंकला.

"कौल पडला!" अलीकडे माणसं आनंदाने रडली. या धोंड्यावरून सगळे ओरडले, "आलो गं, आलो!" नवरा गुडघाभर पाण्यात उतरला. तेवढ्यात डोंगर उतरला. शंख मध्येच थांबला.

ती आपणहून राहिली, असेही सांगतात. सांगणारे सगळे नदी ओलांडून अलीकडे आलेल्यांचे वंशज.

आजही वैशाखात, नदी घोट्याएवढी असताना, नव्या सुनेला एकटीला पलीकडे पाठवतात. डोंगराच्या पायथ्याशी उभी राहून ती शंख फुंकते. धोंड्यापाशी जमलेली वाडी हात जोडून म्हणते, "आलो गं, आलो!" आणि जागचं कोणी हलत नाही. मग सून आपली आपणच परत येते.

"भ्यालीस का गं?" सासू विचारते.

सुनेने 'नाही' म्हणायचं, अशी रीत आहे.