पुनरुत्थानाची पहाट आणि चिंचटाकळीची धोंड

गोदाकाठच्या चिंचटाकळीत ख्रिस्तदासबाबांचा मुक्काम होता. वधस्तंभाच्या स्मरणाचा पवित्र आठवडा चालू होता. एकतारी घेऊन गावोगाव प्रभूचं कीर्तन करणारे हे सत्पुरुष. त्यांच्या तोंडून कधी कठोर शब्द निघत नसे. पण चिंचटाकळीच्या मंडळीनं त्यांनाही मेटाकुटीला आणलं!

निम्मी मंडळी ईस्टरला बँड कुठला आणि जेवणाला काय यावरून भांडत होती. उरलेली मंडळी चर्चचे पंच शद्रकराव पगारे यांच्या मागे होती. शद्रकरावांचं वाचन दांडगं, आवाज त्याहून दांडगा. शनिवारी संध्याकाळी कीर्तन ऐन रंगात आलं असताना ते उठून म्हणाले, “बाबा, ईस्टर हे नाव एका परक्या देवीचं आहे. शास्त्रात या सणाची आज्ञा दाखवा, नाहीतर उद्याची उपासना बंद!”

बाबांनी एकतारी खाली ठेवली. आठवड्यात हा प्रश्न त्यांनी कितीदा ऐकला होता, देव जाणे.

“शद्रकराव, किती वेळा सांगू? नावाबद्दल पंडितांचंच एकमत नाही. आपण तर त्याला पुनरुत्थानाचा सण म्हणतो. मिसरच्या गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणून यहुदी लोक वल्हांडण पाळायचे. त्याच सणात प्रभूंनी प्राण दिला आणि रविवारी पहाटे ते कबरीतून उठले. पहिल्या भक्तांनी ती आठवण धरली, हे सणाचं मूळ. पुढे तेही तारखेवरून भांडलेच म्हणा. तुम्ही अजून थांबला नाहीत!”

लोक हसले. शद्रकरावांना ते झोंबलं. दाराशी सगुणाबाई बसल्या होत्या. पुनरुत्थानाची खूण म्हणून कांद्याच्या सालींत उकडून लाल केलेली अंडी त्यांनी टोपलीत आणली होती. दरवर्षी त्या पहाट उजाडताना नवऱ्याच्या कबरीजवळ गाणं म्हणत आणि ती अंडी पोरासोरांना वाटत. शद्रकरावांनी सगळा राग त्यांच्यावर काढला.

“काय गं सगुणे, अंडी उबवून नवरा उठवणार आहेस काय?”

सगुणाबाईंनी मान खाली घातली. बाबा उभे राहिले. “पुरे! बोलायला काही धरबंध?” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

रविवारी तांबडं फुटता फुटता शद्रकराव सगुणाबाईंना अडवायला कबरस्तानाच्या फाटकाला कुलूप घालायला गेले. फाटक ओढताच जुनी भिंत ढासळली आणि वरची दगडी तुळई त्यांच्या मांड्यांवर आडवी पडली. किंकाळी ऐकून गाव धावला. पहारी आल्या, दोर आले. पण धोंड तसूभरही हलेना. तेवढ्यात बँडवरून भांडणाऱ्यांपैकी कोणी तरी बोललं, “देवाचीच शिक्षा आहे ही!” झालं, शद्रकरावांची माणसं त्याच्या अंगावर धावली. पहारी जमिनीवर आणि हात एकमेकांच्या गचांडीला!

“अरे, काय म्हणावं तुम्हाला!” बाबा ओरडले. “माणूस मरतोय आणि तुम्ही आजही भांडताय? असा पाळतात का हा सण? जो पडलाय त्याला आधी उठवा!”

सगळे खजील होऊन उभे राहिले. सगुणाबाई मात्र टोपली खाली ठेवून पुढे आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे धोंडीला लावले.

“प्रभू, तुझ्या कबरीची धोंड तूच सरकवलीस. हीही सरकव. याची बायको घरी वाट बघतेय.”

आणि काय सांगावं! इतक्या जणांना न हललेली ती धोंड दार उघडावं तशी अलगद बाजूला सरली. शद्रकरावांच्या पायांना नुसतं खरचटलं होतं! बाबांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

शद्रकराव रडत बाबांच्या पायांशी आले. बाबा झटकन मागे सरले. “माझ्यापाशी काय काम? काल कुणाला बोललात, ते आठवा.”

शद्रकराव वळले. सगळ्या मंडळीदेखत त्यांनी सगुणाबाईंच्या पायांवर डोकं टेकलं. “बाई, मला क्षमा करा. सणाचं नाव कुठून आलं, एवढंच शोधत बसलो मी. सण कसा असतो ते आज पाहिलं.”

त्यांनी डोकं काही उचललं नाही. शेवटी सगुणाबाईच वैतागल्या.

“आता उठा की हो, पंच! केव्हाचं उजाडलंय. गाणं म्हणायचं राहिलंय अजून.”