खालीची मात्रा

सिंदफणेच्या काठी रुईचोंढे नावाचे लहानसे गाव. निवांतबुवा महाराजांचा एका वर्षीचा चातुर्मास या गावी झाला, हे त्या गावाचे भाग्यच म्हणायचे. महाराज महादेवाच्या देवळाच्या ओवरीत राहत आणि रोज दिवेलागणीनंतर कीर्तन करीत. घाई म्हणून त्यांना ठाऊक नव्हती. एकच ओळ चारचारदा घोळवीत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, ही ओळ माझ्यासाठीच थांबली आहे.

मृदंगाला असे त्या देवळाचा पुजारी भावजी गुरव. हात मोठा गोड. पण त्या वर्षी त्याचा जीव ठिकाणावर नव्हता. त्याचा सोळा वर्षांचा एकुलता मुलगा खंडू ओढ्यापलीकडच्या पडक्या धर्मशाळेत एका परगावच्या टोळक्यात जाऊन बसू लागला होता. डोळे तांबडे, बोलणे तिरके, सदऱ्याला उग्र वास. त्याची आई मंजुळा तो सदरा दोनदा धुई आणि वाळल्यावर पुन्हा हुंगून बघी. गांजा असावा, असे दोघांना वाटे. पण वाटणे आणि कळणे यांच्या मधे आईबापाचा किती जीव जळतो, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

“खंडू, तिथं चिलीम ओढतोस का?” भावजीने विचारले.

“तुम्ही बघितलं का?”

“मग हा वास कसला?”

“दिवसभर धूप जाळता. तुमचाच असंल.”

भावजीने मारून पाहिले, कोंडून पाहिले, पिंडीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पोराने ती हसत हसत घेतली. त्या दिवशी मंजुळा जेवली नाही.

गावात विश्वनाथशास्त्री नावाचे वैद्य होते. नाडी पाहण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि ही गोष्ट सर्वांच्या आधी त्यांना स्वतःला माहीत होती. एका संध्याकाळी भर कीर्तनात ते म्हणाले, “गुरवा, देवाला ताल ऐकवतोस आणि घरात पोर बेताल! आधी त्याला ठोक, मग मृदंग ठोक.” माणसे हसली. भावजीचा हात चुकला. महाराजांनी तीच ओळ पुन्हा धरली.

कीर्तन आटोपल्यावर भावजी पायाशी येऊन बसला. “महाराज, अंगारा द्या, ताईत द्या. काहीही द्या.”

“पोरगा जेवायला घरी येतो का?” महाराजांनी विचारले.

“येतो. ताट आपटतो, पण येतो.”

“बरं. धुमाळी ताल किती मात्रांचा?”

भावजी गोंधळला. “आठ.”

“पाचवीला काय करतोस?”

“ती खाली, महाराज. डावा हात तिथं बोलत नाही.”

“मग एखादे वेळी जोरात थाप मारून पाहावी तिथं.”

“मारली तर गाणाऱ्याला समच, पहिली मात्राच, सापडायची नाही.”

“मग मृदंग ठेवून उठावं. हात रिकामाच तर आहे.”

“उठून कसं चालंल? मोजावं तर लागतंच. खाली आली म्हणून ताल थोडाच संपला...” बोलता बोलता भावजी थांबला.

महाराज म्हणाले, “पोराची खाली चालू आहे, बाळा. थाप मारू नकोस आणि उठूनही जाऊ नकोस. चिलमीला हो म्हणायचं नाही, हे मात्र त्याला रोज कळू दे. बाकी तू मात्रा मोज. सम आणणारा वेगळा आहे.”

दुसऱ्या दिवसापासून भावजी कीर्तनाच्या आधी ओढा ओलांडून जाऊ लागला. धर्मशाळेच्या दाराशी उभा राहून म्हणे, “खंडू, ही चिलीम मला मान्य नाही. भाकरी झालीय. चल.”

“आले बघा, आरती घेऊन,” खंडू म्हणे. टोळके खिदळे. भावजी थोडा वेळ उभा राही आणि परते. कधी पोरगा वीस पावले मागून येई, कधी येत नसे. शास्त्री वाटेत गाठून विचारीत, “काय गुरवा, पोराला आणायला जातोस, का दोन झुरके मारायला?” भावजी नमस्कार करून पुढे जाई.

असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी धर्मशाळेतून हसणे ऐकू आले नाही. टोळके पळाले होते. भिंतीशी खंडू पालथा पडला होता, तोंडाला फेस. कोणी तरी चिलमीबरोबरच्या भांगेत धोत्र्याचे बी कुटून घातले होते. त्या दिवशी बाप गेला नसता, तर सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता.

भावजीने त्याला खांद्यावर घेतले. घरापेक्षा देऊळ जवळ. तिथेच सभामंडपात आणून निजवले. शास्त्री अर्ध्या ताटावरून उठून धावत आले, हे त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे. त्यांनी ओकारीचे औषध पाजले. ते ओठांतून बाहेर ओघळले. त्यांनी मनगट धरले, मग दुसरे धरले, आणि हळूच हात खाली ठेवला.

“नाडी लागत नाही. गेली.”

धावत आलेल्या मंजुळेने पोराचे डोके मांडीवर ओढून घेतले. महाराज शेजारी येऊन बसले होते. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, गेली, की खालीच्या मात्रेवर आहे?”

“महाराज, हे कीर्तन नव्हे.”

“नसेल. पण आपलं बोट पुन्हा मनगटावर ठेवा, काढू नका. भावजी, मृदंग घे.”

“महाराज, माझं पोर...”

“पोरासाठीच म्हणतो.”

भावजीने मृदंग ओढला. महाराजांनी नाम धरले, नेहमीसारखेच संथ. पहिली आवर्तने वेडीवाकडी गेली. मग हात सावरला. चार मात्रा, पाचवीला डावा हात मुका, आणि पुन्हा समेवर धूम. किती आवर्तने झाली, कोणी मोजली नाहीत. शास्त्रींचे बोट मनगटावर होते आणि नजर जमिनीवर.

एका समेला ते दचकले.

पुढच्या समेला पुन्हा बोटाखाली काही तरी उडाले. खालीला काही नाही. समेला पुन्हा. “थांबू नकोस, गुरवा,” शास्त्री म्हणाले, आणि लगेच, “भावजी... भावजीबुवा, थांबू नका.”

घटकाभराने खंडूच्या घशातून आवाज आला. शास्त्रींनी त्याला कुशीवर वळवले, पुन्हा औषध पाजले, आणि या वेळी विष बाहेर पडले. देवाची लीला अशी, की तिने वैद्याचा हातही वाया जाऊ दिला नाही.

पोरगा एका दिवसात शहाणा झाला, असे सांगितले तर ते खोटे होईल. पुढे आठवडाभर तो घामाने भिजे, चिडे, आईला वाटेल ते बोले. दोनदा उठून ओढ्यापर्यंत गेलाही. दोन्ही वेळा बाप मागे वीस पावलांवर होता, आणि दोन्ही वेळा पोरगा पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसला आणि परतला.

चातुर्मास संपताना शास्त्री महाराजांच्या पाया पडायला आले. महाराजांनी पाय आखडून घेतले आणि म्हणाले, “इथं नव्हे. तिकडं.”

भावजी खांबाशी बसून मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावीत होता. शास्त्री त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. “मी बोट काढून घेतलं होतं,” ते म्हणाले. “हसत होतो ते वेगळंच, पण बोटसुद्धा काढून घेतलं होतं मी.” आणि त्यांनी भावजीच्या पायांवर डोके ठेवले.

भावजी अवघडून गेला. “शास्त्रीबुवा, उठा. हाताला कणीक आहे माझ्या, धरून उठवताही येईना.”

शास्त्री उठले नाहीत. महाराजांनी टाळ उचलले.