मेहुण्याच्या हातातला दोर

प्रतिष्ठान नगरीत सोमक राजाचे राज्य होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व हरीणही नव्हता आणि प्रधानही नव्हता. तो डोंगरातल्या एका गावात कड्यावरचा मध काढणारा मधकरी होता, आणि कामात त्याचा हात धरणारे दुसरे कोणी नव्हते.

त्या गावात एक रीत होती. मधकरी कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरे आणि वर दोर धरी तो त्याच्या बायकोचा भाऊ. सख्ख्या भावालाही तो मान नसे. बहिणीचे कुंकू ज्याच्या हातात, तो दोर सोडणार नाही, असा साधा हिशेब. म्हणून मेहुण्याच्या हातातून दोर काढून घेणे म्हणजे भर गावात त्याच्या तोंडाला काळे फासणे. असा माणूस मग गावात राहत नसे.

बोधिसत्त्वाच्या बायकोचे नाव चांपा. तिचा धाकटा भाऊ गोमिल त्यांच्याच घरी राहायचा आणि बोधिसत्त्वाचा दोर धरायचा. मोठा मनमिळाऊ गडी. पण गेल्या पावसाळ्यापासून त्याचे काहीतरी बिनसले होते. बोलता बोलता मध्येच थांबे आणि आपण काय सांगत होतो तेच विसरे. कधी हंडाभर भात एकटा संपवी, कधी दिवसभर अंथरुणातून उठत नसे. चांपाला वाटे, पोराला नजर लागली. तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. आता मीठमोहऱ्यांनी काय होणार!

मोहोळे भरली आणि एका सकाळी बोधिसत्त्व लहान कड्यावरून खाली उतरला. खुणा ठरलेल्या होत्या. दोराला एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन हिसके म्हणजे वर ओढ. टोपली भरली, माशा खवळल्या, तसे बोधिसत्त्वाने दोन हिसके दिले. गोमिलला पहिला हिसका कळला, पण दुसरा येईपर्यंत तो पहिला विसरून गेला. त्याने दोर सैल सोडला. बोधिसत्त्व धाडकन खाली गेला. नशिबाने खडकाची एक कपार पायाखाली आली, गुडघा सोलवटण्यावर भागले. टोपली मात्र दरीत गेली.

खडकाला धरून धरून तो कसाबसा वर आला. गोमिल दोर कवटाळून बसला होता. डोळे लालभडक, जीभ टाळ्याला चिकटलेली, छाती भात्यासारखी उडत होती.

"दाजी, तुम्ही केव्हापासून खाली होता हो? मला वाटलं संध्याकाळ झाली," तो म्हणाला, आणि उगाचच हसला.

बोधिसत्त्वाने वर पाहिले. सूर्य अजून झाडांच्या शेंड्यावरही आला नव्हता. त्याने गोमिलला पाणी पाजले, सावलीत निजवले आणि त्याची नशा उतरेपर्यंत शेजारी बसून राहिला. मग विचारले, "काय खाल्लंस?"

"भांगेची गोळी," गोमिल मान खाली घालून म्हणाला. "आधी एक खाल्ली. काही होईचना, म्हणून दुसरी खाल्ली. मग दोन्ही एकदमच चढल्या."

"आणि खातोस कशाला?"

गोमिलला रडू फुटले. "तुम्ही खाली लोंबकळत असता ना दाजी, तेव्हा माझे हात थरथरतात. अक्काचं कपाळ दिसतं, पांढरं. गोळी खाल्ली की सुरुवातीला बरं वाटायचं. आता नाही वाटत. उलट भीती दुप्पट होते. पण खाल्ल्याशिवाय झोपच येत नाही."

भांगेचे हे असेच आहे. वैद्यही तिची पाने मोजून औषधात घालतात, ते वेगळे. पण भीती घालवायला रोज खाल्ली की ती आधी वेळेचे भान नेते, मग आठवण नेते, मग माणसाला आपल्याच माणसांचा संशय येऊ लागतो. सगळ्यांचेच असे होते असे नाही. गोमिलचे झाले होते.

दुसऱ्या दिवशी गाव जमले. राजाने निरोप धाडला होता की, मोठ्या कड्यावरचा मध जो आणील त्याला नदीकाठची काळी जमीन मिळेल. त्या कड्याला बोधिसत्त्वच उतरू शकतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. गावचा म्होरक्या भल्लक म्हणाला, "मग कधी उतरतोस, गड्या?"

"मी उतरणार नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "मला भीती वाटते."

तो खोटे बोलला नव्हता. भीती वाटतच होती. पण ती कशाची, हे त्याने सांगितले नाही. लोक पोट धरधरून हसले. भल्लक म्हणाला, "बांगड्या भर हातात!" पुढे भल्लकच्या मुलाने जीव धोक्यात घालून थोडासा मध आणला आणि जमीन त्याच्या घरी गेली.

चांपा संतापली. "तुम्ही आणि भित्रे? लोकांना खरं का नाही सांगत?"

"सांगितलं ते खरंच आहे."

"मग राहिलेलं सांगा!"

"राहिलेलं गोमिलचं आहे. सांगायचं तेव्हा तो सांगेल."

चांपाला सगळे उमगले. ती भावाच्या अंथरुणाशी जाऊन बसली आणि खूप रडली.

गोमिलने भांग सोडली, पण सोडल्यावर त्याचे हाल झाले. घाम फुटायचा, झोप उडायची, डोळा लागलाच तर भयंकर स्वप्ने पडायची. अन्नाची शिसारी आली आणि राग नाकावर येऊन बसला. "तुम्हाला दोर तुमच्या भावाला द्यायचाय, मी सगळं ओळखून आहे!" असे तो बोधिसत्त्वावर ओरडायचा. बोधिसत्त्व पेजेची वाटी पुढे सरकवायचा. एकदा तर गोमिल पुन्हा गोळी खाऊन आला. त्या दिवशीही बोधिसत्त्वाने पेजच दिली. मात्र गोमिलची तब्येत चांगली सुधारल्यावर त्याने त्याला कामाला लावले. दोराला धोंडा बांधून झाडावरून सोडायचा, खुणेसरशी ओढायचा. आणि एक नवी शिस्त घातली: "हात थरथरला की ओरडून सांगायचं. मी खाली थांबेन. तू झाडाला दोराचा वेढा घाल, दम खा, मग ओढ."

पुढच्या वर्षी मोहोळे भरली. मोठ्या कड्यावर गाव जमले. भल्लक म्हणाला, "आले का आमचे शूरवीर?" लोक हसले.

तेव्हा गोमिल पुढे झाला. तो म्हणाला, "दाजींना कड्याची भीती नव्हती. माझ्या हाताची होती. मी भांग खाऊन दोर धरला आणि त्यांना खाली पाडलं. त्यांनी जमीन घालवली, तुमची बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही."

कोणी हसले नाही. भल्लकचा चेहरा उतरला, पण रीत ती रीत. तो म्हणाला, "मग दोर खाली ठेव, पोरा."

गोमिल दोर ठेवू लागला. इतक्यात बोधिसत्त्वाने दुसरे टोक आपल्या कमरेला बांधायला घेतले.

"गोमिल, आज काय खाल्लंस?"

"भाकरी."

"हात थरथरतोय?"

"थरथरतोय, दाजी."

"मग घाल झाडाला वेढा," बोधिसत्त्व म्हणाला आणि कड्यावरून खाली उतरला.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली. उत्तिय नावाच्या भिक्षूला पूर्वी असेच व्यसन होते. आता तो बरा झाला होता, पण आजाऱ्यांना औषध देण्याचे काम त्याच्या हाती सोपवायला इतर भिक्षू तयार नव्हते. गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा गोमिल म्हणजे हा उत्तिय. हसणारे गावकरी म्हणजे तुम्ही. आणि मधकरी मीच होतो." बुद्ध होण्यासाठी बोधिसत्त्व जे सद्गुण पुरे करतो त्यांना पारमिता म्हणतात; त्या जन्मी त्याने पूर्ण केलेली पारमिता म्हणजे क्षांती, सहनशीलता.

त्या दिवशी शास्त्यांना थोडा ताप होता. त्यांनी उत्तियकडे पाहून औषधासाठी हात पुढे केला.